ठोकळे जुने, सांधे नवे

इस्रोच्या रॉकेटांच्या टप्प्यांची नावं कधी नीट वाचली आहेत का? एस-९, एस-१३९, एस-२००, एल-४०, एल-११०, सी-२५. पहिल्यांदा वाचलं की बेस्टच्या बसचे नंबर वाटतात. पद्धत मात्र एकदम सोपी आहे. एस म्हणजे सॉलिड, घन इंधन. एल म्हणजे लिक्विड, द्रव इंधन. सी म्हणजे क्रायोजेनिक. पुढचा आकडा म्हणजे त्या टप्प्यात साधारण किती टन इंधन भरलंय ते. एस-९ म्हणजे नऊ टन घन इंधन, एल-४० म्हणजे चाळीस टन द्रव इंधन. झालं! आमच्या धंद्यात लोकांनी व्हेरिएबलना इतकी सरळ नावं दिली असती तर निम्म्या रिव्ह्यू मीटिंगा वाचल्या असत्या. असो.

गंमत अशी की ही नावं रॉकेटांची नाहीत, ठोकळ्यांची आहेत. एस-१३९ हा ठोकळा दोन वेगवेगळ्या रॉकेटांत भेटतो. एस-९ तर तीन रॉकेटांत भेटतो, आणि तेही वेगवेगळ्या भूमिकेत. एका सिनेमात नायक, दुसऱ्यात नायकाचे दोन भाऊ आणि नायक स्वतः, तिसऱ्यात नायकाच्या मागे नाचणारे सहा जण. भारतीय रॉकेटांचा इतिहास लिहायचा तर तो रॉकेटांच्या नावाने न लिहिता ह्या ठोकळ्यांच्या नावाने लिहावा असं माझं बरेच दिवसांचं मत आहे. ह्या वीकेंडला तेच करून बघतो.

आधी घन इंधनाच्या मोटरचा स्वभाव समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही मोटर म्हणजे दिवाळीतल्या बाणाची थोरली बहीण. पोलादी नळकांड्यात रबरासारखं इंधन ओतून घट्ट केलेलं असतं, मधोमध पोकळी ठेवलेली असते आणि त्या पोकळीच्या भिंतीवर इंधन जळत जातं. पोकळीचा आकार कसा ठेवला यावर ती किती जोराने आणि किती वेळ जळणार हे ठरतं. एकदा पेटली की विझवता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जी मोटर उडवायची आहे ती आधी पेटवून बघता येत नाही! काडेपेटीतली काडी सादळली आहे का हे ओढूनच कळतं, आणि ओढली की ती काडी संपली. द्रव इंधनाचं इंजिन तरी स्टँडवर चालवून, बंद करून, मग रॉकेटला लावता येतं. घन मोटर उडते तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदाच आणि शेवटचीच चाललेली असते.

मग तिच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? तिच्या भावंडांच्या. त्याच साच्यातली, त्याच पोलादाची, त्याच इंधनाची दहा भावंडं नीट जळली असतील तर अकरावी पण जळेल. म्हणूनच घन मोटरच्या बाबतीत तोच ठोकळा पुन्हा पुन्हा वापरणं हा नुसता काटकसरीचा भाग नाही, विश्वास साठवत जायचा तोच एक मार्ग आहे. दर वेळी नवी मोटर केली तर दर वेळी पाटी कोरी.

ही घन इंधनाची बाजू ज्यांनी उभी केली त्यांत आपल्या पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर होते. आपल्याकडे ते मान्सूनच्या अंदाजामुळे जास्त माहीत आहेत, पण १९६७ साली इंग्लंडहून येऊन ते थुंब्याला रुजू झाले ते रॉकेटच्या इंधनाचं रसायनशास्त्र घेऊन. पुढे १९७९ ते १९८५ ते तिथल्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. म्हणजे एसएलव्ही-३ ची सगळी उड्डाणं त्यांच्या कारकिर्दीतली.

एसएलव्ही-३ ही पहिली पिढी. २२ मीटर उंच, १७ टन वजन, चार टप्पे, चारही घन इंधनाचे. प्रकल्प संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम. झेप कितीची, तर सुमारे ४० किलोचा उपग्रह. (आपल्या विमानप्रवासातल्या दोन चेक-इन बॅगा.) १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतून नायट्रिक आम्ल गळल्यामुळे फसलं, १८ जुलै १९८० चं जमलं आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे पुढे जाऊ. आपल्याला हवाय तो तिचा पहिला टप्पा. एक मीटर व्यासाचा, तीन तुकडे जोडून केलेला, नऊ टनांचा. हाच तो एस-९.

पण एस-९ च्या आधी चौथ्या टप्प्याची एक छोटी गोष्ट सांगायलाच हवी, कारण ठोकळा म्हणून पहिला घराबाहेर पडला तो हा. एसएलव्ही-३ चा शेवटचा छोटा टप्पा फ्रेंचांच्या डियामाँ रॉकेटलाही बसेल असा करावा अशी बोलणी सत्तरच्या दशकात झाली होती आणि त्याप्रमाणे आरेखन बदललंही होतं. मग फ्रेंचांनी डियामाँच गुंडाळलं. कष्ट वाया गेले म्हणावेत तर तसं झालं नाही. जून १९८१ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटवरून ॲपल उपग्रह गेला (बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह, तो प्रसिद्ध फोटो आठवतोय? तोच), त्याला भूस्थिर कक्षेत ढकलणारी मोटर ह्या चौथ्या टप्प्यातूनच घडवलेली होती. रॉकेटचा टप्पा उपग्रहाच्या पोटात शिरला.

आता एएसएलव्ही. ह्याची कल्पना वाचली की आपल्यातला प्रत्येक इंजिनियर म्हणेल, अरे हे तर मलाही सुचलं असतं. एसएलव्ही-३ ४० किलो नेतं, आपल्याला १५० न्यायचेत. नवीन मोठी मोटर करायला वेळ लागेल, पैसा लागेल. मग एस-९ चे अजून दोन घ्या, दोन्ही बाजूंना बांधा. खालचे दोघे आधी जळतील, रॉकेटला वर नेतील, विझले की मधला एस-९ हवेत पेटेल आणि पुढे एसएलव्ही-३ सारखंच सगळं. तीन सारखे ठोकळे, तिघेही घरचे, तपासलेले. कागदावर हे इतकं देखणं दिसतं की नाही म्हणणारा माणूस खवट वाटावा.

२४ मार्च १९८७. पहिलं उड्डाण. बाजूचे दोन्ही एस-९ ठरल्याप्रमाणे जळले, ठरल्याप्रमाणे विझले. मधला पेटलाच नाही.

१३ जुलै १९८८. दुसरं उड्डाण. बाजूचे दोघे परत नीट जळले. आणि ते विझता विझता, पन्नासाव्या सेकंदाच्या आसपास, रॉकेट हवेत भरकटून मोडलं.

दोन्ही वेळा गेलं ते पन्नासाव्या सेकंदाला, म्हणजे जिथे एक ठोकळा संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे. ठोकळे शहाण्यासारखे वागले होते. गोची सांध्यात होती.

दुसऱ्या अपघातात काय झालं ते थोडं सावकाश बघू, कारण मला तरी ही आपल्या अंतराळ कार्यक्रमातली सगळ्यात शिकवून जाणारी घटना वाटते. घन मोटर विझते म्हणजे बटण दाबून दिवा मालवावा तशी विझत नाही. तिचा रेटा उतरत उतरत जातो. दोन मोटरी कितीही जुळ्या असल्या तरी अगदी एकाच क्षणी उतरत नाहीत, त्यामुळे एका बाजूला किंचित जास्त रेटा राहतो आणि रॉकेट वळायला बघतं. ते सावरायची यंत्रणा होती, पण ती त्याच बाजूच्या मोटरींच्या नॉझलमध्ये. नॉझलच्या धारेत बाजूने द्रव फवारायचा आणि धार किंचित वळवायची, अशी ती पद्धत. आता धारच संपत आली तर वळवणार काय? मधला एस-९ पेटला की त्याची अशीच यंत्रणा ताबा घेणार होती, पण तो पेटायची वेळ घड्याळावर लावलेली होती. मोटरी खरोखर विझण्याची वेळ आणि घड्याळातली वेळ जुळली नाही. मधला जो थोडासा काळ उरला त्यात रॉकेटचं सुकाणू कोणाच्याच हातात नव्हतं.

आणि हे घडलं कुठे, तर रॉकेटवर हवेचा दाब जवळजवळ सगळ्यात जास्त असतो त्या टापूत. एक मीटर जाडीची, चोवीस मीटर लांबीची काठी, पंख नाहीत, वाऱ्यात उभी, आणि धरणारं कोणी नाही. एसएलव्ही-३ मध्ये हा प्रश्न आलाच नव्हता, कारण तिथे एस-९ जमिनीवरच पेटायचा आणि तो विझेपर्यंत रॉकेट बऱ्याच विरळ हवेत पोचलेलं असायचं. ठोकळा तोच होता. त्याच्या भोवतीचं जग बदललं होतं.

सॉफ्टवेअरवाल्या वाचकांना इथे कुठेतरी ओळखीचं दुखलं असेल. दोन सर्व्हिसेस, दोघांच्या चाचण्या हिरव्यागार, आणि एकीने दुसरीची वाट किती वेळ बघायची हे कोणीतरी अंदाजाने आकडा टाकून ठरवलेलं. इस्रोने काढलेला तोडगाही आपण काढू तसाच होता. घड्याळ बाजूला ठेवलं आणि बाजूच्या मोटरींचा रेटा खरोखर उतरतोय हे मोजून, त्या क्षणी मधली मोटर पेटवायचा निर्णय रॉकेटवरच्याच यंत्रणेकडे दिला. आपल्या भाषेत टाइमर काढून इव्हेंट लावला. शिवाय रॉकेटला खाली पंख बसवले, म्हणजे क्षणभर कोणी धरलं नाही तरी ते कलंडायची घाई करणार नाही.

ह्या सगळ्याला चार वर्षं लागली. २० मे १९९२ ला तिसरं एएसएलव्ही उडालं आणि सांधा टिकला. कक्षा ठरल्यापेक्षा खालची मिळाली, पण ते निराळं. ४ मे १९९४ ला चौथं आणि शेवटचं उड्डाण व्यवस्थित झालं. चार उड्डाणांतली दोन समुद्रात, त्यामुळे एएसएलव्हीचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. मला हे अन्यायाचं वाटतं. अनेक मोटरी एकत्र बांधणं म्हणजे काय हे प्रकरण कधीतरी कोणावर तरी शेकणारच होतं. ते १५० किलोच्या उपग्रहावर शेकलं हे स्वस्तात सुटलं म्हणायचं.

आपणच एकटे असे धडपडलो असंही नाही बरं का. अमेरिकेच्या सॅटर्न-१ चा पहिला टप्पा म्हणजे मधे एक ज्युपिटर क्षेपणास्त्राच्या मापाची टाकी आणि भोवती रेडस्टोनच्या मापाच्या आठ टाक्या, कारण त्या मापाची अवजारं कारखान्यात तयार होती. लोकांनी टिंगल केली, पण १९६१ मध्ये ते पहिल्याच फटक्यात उडालं. दुसऱ्या टोकाला ओट्राग नावाची जर्मन कंपनी. लुट्झ कायझरने १९७५ मध्ये काढली. कल्पना अशी की एकच साधी, स्वस्त नळी बनवायची आणि मोठं रॉकेट हवं असेल तर नळ्यांचा जुडगा मोठा करायचा, अगदी पेंढीसारखा. झाईरमध्ये जागा घेऊन थोड्या नळ्यांच्या छोट्या चाचण्या झाल्या, मग राजकारण आडवं आलं, तिथून गाशा गुंडाळून ते लिबियाला गेले. शेकडो नळ्यांची पेंढी कधी उडालीच नाही, त्यामुळे तिचे सांधे कसे वागले असते हा प्रश्न तसाच राहिला.

परत घरी येऊ. पीएसएलव्ही.

इथे एस-९ नायकपदावरून उतरून कोरसमध्ये गेला. मधे आता १३९ टनांचा राक्षस होता (सुरुवातीच्या उड्डाणांत १२५ टनांचा, पुढे वाढवत नेला). २.८ मीटर व्यास, पाच तुकडे, मॅरेजिंग पोलादाचं आवरण. त्याच्या कमरेला सहा एस-९ बांधलेले. नऊ टनांचा जो टप्पा १९८० मध्ये देशाचा अभिमान होता तो तेरा वर्षांनी सहाच्या घाऊक भावात लागू लागला. एसएलव्ही-३ च्या चारही उड्डाणांत मिळून एस-९ लागले चार. पीएसएलव्हीच्या एका उड्डाणात सहा. भावंडांचा हिशोब कसा भराभर वाढतो बघा.

आणि सांधा? तो मुळातच निराळा केला. पीएसएलव्हीत मधली मोठी मोटर जमिनीवरच पेटते, सगळ्यांच्या आधी. एस-९ तिच्या मागून पेटतात, काही जमिनीवर, काही हवेत गेल्यावर. (सुरुवातीला दोन खाली आणि चार वर, पुढे १९९७ पासून चार खाली आणि दोन वर.) ते विझतात, गळून पडतात, पण त्या सबंध वेळात मधली मोटर जळतच असते आणि ताबा तिच्याकडे असतो. पन्नासाव्या सेकंदाची ती खिंडच नकाशावरून पुसली.

तरीही २० सप्टेंबर १९९३ चं पहिलं पीएसएलव्ही गेलंच, आणि गेलं कुठे म्हणाल तर दुसरा आणि तिसरा टप्पा वेगळे होताना! त्या क्षणी रॉकेटला अपेक्षेपेक्षा मोठा हिसका बसला, आणि तो सावरताना नियंत्रणाच्या प्रोग्रॅममधली एक चूक उघडी पडली. आज्ञेचा आकडा ठरलेल्या कमाल मर्यादेच्या पलीकडे गेला तरच दिसेल अशी चूक. साध्या उड्डाणात ती जन्मभर लपून राहिली असती. ८४६ किलोचा आयआरएस-१ई उपग्रह बंगालच्या उपसागरात गेला. ओव्हरफ्लो, मंडळी. आपल्या धंद्याचा हातभार इथेही लागलाय.

१५ ऑक्टोबर १९९४ ला दुसरं पीएसएलव्ही यशस्वी झालं आणि मग ठोकळ्यांचं खरं पीक आलं. २००७ मध्ये इटलीचा हलका उपग्रह न्यायचा होता तर सहाही एस-९ काढून नुसतं मधलं रॉकेट उडवलं. २००८ मध्ये चांद्रयान-१ ला जोर जास्त हवा होता तर एस-९ लांब करून एस-१२ केला. २०१९ मध्ये जानेवारीत दोन लावले, एप्रिलमध्ये चार. शून्य, दोन, चार, सहा. उडप्याच्या हॉटेलात साधा, मसाला, म्हैसूर मसाला मागावा तसं. ह्या सगळ्यासाठी मधली मोटर तीच आणि तिचा कारखानाही तोच.

कारखान्यावरून आठवलं. ह्या मोठ्या मोटरींची पोलादी आवरणं पवईला एल अँड टीमध्ये होतात आणि वालचंदनगरला होतात. वालचंदनगर म्हणजे इंदापूर तालुक्यातलं, चहूकडे ऊस, मूळ ओळख साखर कारखान्याची. एस-२०० ची अजस्र नळकांडीही तिथलीच. आणि द्रव इंधनाची विकास इंजिनं बनतात विक्रोळीला गोदरेजमध्ये. रोज पूर्व द्रुतगती मार्गावर ट्रॅफिकमध्ये अडकून शिव्या घालणाऱ्यांनी एकदा उजवी-डावीकडे बघावं. :) तोच ठोकळा वर्षानुवर्षं लागणार असेल तरच एखादा कारखाना त्याच्यासाठी साचे करून ठेवतो, वेल्डरला त्याच कामावर तयार करतो. दर रॉकेटला मोटर बदलली असती तर इतक्या मोठ्या कामासाठी कोणी दारात उभं केलं नसतं.

विकासचा विषय निघालाच आहे तर तोही ठोकळाच. १९७४ च्या करारातून फ्रेंचांच्या वायकिंग इंजिनाचं ज्ञान आलं, आपले इंजिनियर तिकडे जाऊन राबले, आणि त्यातून जे इंजिन झालं ते पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक, जीएसएलव्हीत पाच आणि एलव्हीएम-३ मध्ये दोन असं बसलं.

जीएसएलव्हीत पाच कसे? इथे मामला जरा विचित्र आहे. नव्वदच्या दशकात दोन टनांच्या आसपासचे दळणवळण उपग्रह न्यायचे होते. हाताशी काय, तर पीएसएलव्हीचा पहिला टप्पा, पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा, आणि रशियाकडून मिळालेले क्रायोजेनिक टप्पे (तंत्रज्ञान देण्यावर अमेरिकेने मोडता घातला म्हणून नुसते टप्पे). एस-९ ची ताकद कमी पडणार. मग दुसऱ्या टप्प्याचंच विकास इंजिन आणि चाळीस टन इंधन घेऊन चार बाजूंना बांधले. झाले एल-४०. मधे एक घन, बाजूला चार द्रव.

आता गंमत बघा. मधला घन टप्पा सुमारे शंभर सेकंदांत जळून संपतो. बाजूचे द्रव टप्पे दीडशे सेकंद जळतात. आणि ते मधल्याला बांधलेले असल्यामुळे सुटे होऊ शकत नाहीत. म्हणजे पन्नास एक सेकंद चार इंजिनं एक रिकामं पोलादी पिंप वर ओढत नेतात! जगात सगळीकडे बाजूचे आधी गळतात आणि मधला पुढे जातो. इथे मधलाच दमतो आणि बाजूचे त्याला खांद्यावर घेऊन चालतात. कोऱ्या कागदावर कोणी असं रॉकेट काढणार नाही. पण कोरा कागद होता कुणाकडे? जे आहे त्यात भागवायचं होतं, आणि भागवलं. रोज जुना कोड सांभाळणाऱ्यांना ह्याच्यावर हसण्याचा अधिकार नाही.

ह्या विचित्र जोडणीत एक शहाणपणही होतं. चार द्रव इंजिनं मधल्या घन मोटरच्या ४.८ सेकंद आधी पेटतात. चौघांचा रेटा नीट आला असं संगणकाला दिसलं तरच तो न विझणाऱ्या मोटरला काडी लावतो. २८ मार्च २००१ ला पहिल्या जीएसएलव्हीच्या वेळी नेमकं हेच कामी आलं. एकाचा रेटा आला नाही, संगणकाने सगळं थांबवलं, उड्डाणाला एक सेकंद असताना. टीव्हीवर धूर आणि ज्वाळा दिसल्या, देश हळहळला. पण रॉकेट जागेवर उभं होतं, अख्खं. तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, तेच रॉकेट उडालं.

मात्र १० जुलै २००६ ला हा पहारेकरीही फसला. रॉकेट सुटेपर्यंत चौघं ठीक होते. सुटल्यावर ०.२ सेकंदांनी एकाचा रेटा गेला. कारण एका नियामक भागाच्या घडणीत राहिलेली चूक, जी तपासणीतूनही निसटली होती. तीन इंजिनांवर रॉकेटने पन्नास सेकंद तोल सांभाळला, मग ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेच्या माऱ्यात ते कललं आणि तुटलं. म्हणजे ठोकळे कधीच दगा देत नाहीत असं समजू नका. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही सी-६१ च्या तिसऱ्या टप्प्यातला दाब असाच मधेच उतरला आणि ईओएस-०९ उपग्रह गेला. चांगला मुरलेला टप्पा होता तो.

पण मला जास्त अस्वस्थ करणारं उड्डाण आहे ते २५ डिसेंबर २०१० चं. जीएसएलव्ही एफ-०६, वर जीसॅट-५पी. इंजिनं सगळी ठणठणीत. पण रॉकेटचा संगणक असतो वर, आणि वळवायची इंजिनं असतात खाली. मधून तारा जातात, आणि क्रायोजेनिक टप्प्याच्या बुडाशी दहा प्लग असतात, जे टप्पे वेगळे होताना सुटावेत अशीच त्यांची रचना असते. त्या टप्प्याभोवतीचं आवरण हवेच्या दाबाने वाकलं आणि त्यातले काही प्लग ४७ सेकंदांच्या सुमाराला ओढले जाऊन सुटले. वरचा मेंदू शाबूत, खालचे हातपाय शाबूत, मधली मान तुटलेली. रॉकेट भरकटलं आणि थोड्याच सेकंदांत जमिनीवरून आज्ञा देऊन ते नष्ट करावं लागलं. प्लगांची किंमत एकूण रॉकेटच्या हिशोबात चहापाण्यात गेली असती.

एलव्हीएम-३ काढताना पहिल्यांदाच कोरा कागद मिळाला. ठोकळे कमी आणि मोठे. बाजूला दोन एस-२००, मधे दोन विकास इंजिनांचा एल-११०, वर सी-२५. आणि मांडणी बघितली तर १९८७ ची सही दिसते. हे रॉकेट एएसएलव्हीसारखंच आहे. बाजूच्या दोन घन मोटरी जमिनीवर पेटतात आणि मधला टप्पा हवेत. पण मधला एल-११० पेटतो तो साधारण ११० व्या सेकंदाला, जेव्हा एस-२०० अजून वीस एक सेकंद जळायचे बाकी असतात. नवा हात पक्का बसल्यावर मगच जुना सुटतो. हवासुद्धा तोवर विरळ झालेली असते. डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्याच प्रयोगात हा सांधा चालला (क्रायोजेनिक टप्पा तेव्हा नुसता वजन म्हणून बसवला होता), जून २०१७ मध्ये पूर्ण रॉकेट उडालं, आणि जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ ह्यावरूनच गेलं.

हेच रॉकेट गगनयानासाठी माणसं न्यायला निवडलं, तेव्हा त्यातला एकेक ठोकळा परत तपासायला घेतला. एस-२०० चा एचएस-२०० झाला, एच म्हणजे ह्यूमन. १३ मे २०२२ ला श्रीहरिकोट्याला तो आडवा बांधून २०३ टन इंधनासकट पूर्ण १३५ सेकंद जाळून बघितला. इंधन तेच, माप तेच. माणसांसाठी म्हणून जे बदलून मजबूत केलं त्यात होतं आतलं अस्तर, पेटवायची यंत्रणा आणि मोटरच्या तुकड्यांमधले सांधे.